चार आण्यांची पावणेअकरा नाणी

वन्सं, तुमच्या दहाव्याला गुरुजींनी नाव विचारलं आणि आपलं सगळं घर नापास झालं.

आपल्या गावच्या गंगेवर ऊन चढायला लागलं होतं. आम्ही बायका पायऱ्यांवर बसलो होतो, हे खाली पाण्याजवळ. गुरुजी म्हणाले, "नाव सांगा." हे म्हणाले, "अक्का." गुरुजी म्हणाले, "अहो, गेलेल्या बाईंचं नाव." हे पुन्हा म्हणाले, "अक्का." मोठ्या बहिणीला जन्मात दुसरी हाक मारली असेल तर ना! गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात तुमच्यासाठी कायम एकच शब्द होता, तोच बाहेर आला. "वन्सं." गुरुजींनी कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला. शेवटी आपला थोरला पुढे झाला, त्यानं तुमचं नाव सांगितलं, आणि मग पुढचे मंत्र सुरू झाले.

तुम्ही तिथं असतात तर म्हणाला असतात, "क्षची किंमत काढलीत, पण उत्तर लिहायला विसरलात. एक मार्क गेला."

तो मार्क काही केल्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलेय.

मी देवळ्याहून शहरात, आपल्या द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांत आले, तेव्हाची मी आठवते का तुम्हाला? मला आठवते, आणि हसू येतं. सातवी पास म्हणून स्वतःला बॅरिस्टर समजायची. आईनं निघताना कानात सांगितलं होतं, "ठके, नणंद आधी वाईटच धर. मग अनुभव येईल तसं कमी करत जा." आणि समोर तुम्ही. पांढरं पातळ, काखेत छत्री, हातात मुलींच्या वह्यांचा गठ्ठा. लग्नानंतर वर्षाच्या आत परत आलेली आणि मग शिकून गणिताच्या बाई झालेली नणंद. मी तुम्हाला आईच्या सांगण्याप्रमाणं वाईट धरलं आणि वाट बघत बसले.

पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "वन्सं, भाजी तयार शे."

तुम्ही म्हणालात, "'शे' नाही गं, 'आहे'."

झालं! पुरावा मिळाला. मी तोंड फुगवून दोन दिवस तुमच्याशी 'आहे'ही बोलले नाही आणि 'शे'ही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही पाटावर बसलात, आमटीचा भुरका मारलात आणि मान न वर करता म्हणालात, "आमटी झकास शे." मला हसू आवरेना, पण मी ते पदरात लपवलं. एवढ्यात कशाला कमी करायचं, म्हटलं. अजून चार वर्षं तरी वाईट धरू.

तर असली ही ठकी, तुमच्या घरात येऊन वसुधा झालेली, तिला चाळिशी उलटल्यावर मॅट्रिक व्हायची बुद्धी सुचली. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. महिला मंडळाची बालवाडी मी सुरुवातीपासून सांभाळत होते. गाणी माझी, नाकं पुसणं माझं, रडणाऱ्यांना कडेवर घेणं माझं. मग मंडळाला कुठूनसं अनुदान मिळायची चिन्हं दिसायला लागली आणि अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "वसुधाताई, शिक्षिका मॅट्रिक पास पाहिजे. जूनपर्यंत तुम्ही पास झालात तर उत्तम. नाहीतर दुसऱ्या बाई येतील. तुम्ही मदतनीस म्हणून राहा की!" माझ्याच पोरांसमोर मी मदतनीस! घरी येऊन मी भांडी अशी घासली की हे म्हणाले, "कल्हई निघेल."

आणि माझं नशीब बघा. पूर्वी मुलींना गणित सोडून गृहशास्त्र घेता यायचं. मी जागी झाले तोवर अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली होती आणि ती पळवाट बंद झाली होती. बीजगणित सगळ्यांना. बाहेरून फॉर्म भरला, पहिल्या खेपेला बाकी सगळं सुटलं, गणितात आडवी झाले. जून यायला एकच परीक्षा उरली होती.

तेव्हा तुम्ही शाळेतून आल्यावर मागच्या दारात माझी शिकवणी सुरू केलीत. तुमच्यासमोर मेथीची जुडी, माझ्या मांडीवर वही. नाण्यांची गणितं हमखास येतात, म्हणालात. तुम्ही पुस्तक उघडायच्या नाहीत, तोंडीच घालायच्या.

"लिही. दहा पैशांची आणि चार आण्यांची मिळून तीस नाणी. एकूण साडेचार रुपये. कुठली किती?"

"आधी मला सांगा, साडेचार रुपये आहेत हे कुणी सांगितलं?"

"गणितानं."

"म्हणजे कुणीतरी मोजले ना? मग मोजताना दहाची किती, चार आण्यांची किती, ते दिसलं नाही त्याला? आंधळा होता का?"

"वसुधे, सोडव."

"नाही, पण मेल्यानं मोजून ठेवायचं आणि आम्ही—"

"सोडव!"

मी माझ्या रीतीनं सोडवलं. सगळी दहाचीच धरली. तीस नाण्यांचे तीन रुपये. दीड रुपया कमी पडला. आता एक दहाचं काढून तिथं चार आण्यांचं ठेवलं की चौदा पैसे वाढतात. मग दीडशेला चौदानं भागायचं. मी बराच वेळ पेन्सिल चावली आणि म्हणाले, "पावणेअकरा. त्याहून किंचित कमीच."

"काय पावणेअकरा?"

"चार आण्यांची नाणी."

तुमच्या हातातली मेथी हातातच राहिली. "पाऊण नाणं कुठून आणलंस?"

"एखादं झिजलेलं असेल."

"आणि एका नाण्यामागं चौदा पैसे कसे वाढले?"

"आणा म्हणजे सहा पैसे. चार आणे म्हणजे चोवीस. त्यातून दहा गेले, चौदा."

वन्सं, त्या दिवशी तुम्ही हसलात तसं त्याआधी मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी पुसायला मेथीचाच हात लावलात. "अगं, म्हणजे तुझा सोळा आण्यांचा रुपया शहाण्णव पैशांचा झाला! वरचे चार पैसे कुणी खाल्ले?"

"वाण्यानं," मी म्हणाले.

यात खोटं काय होतं? नवे पैसे आले तेव्हा सुट्या एका आण्याला वाणी सहाच पैसे धरायचा, वरचं चिल्लर त्याच्या गल्ल्यात जायचं. चार आणे एकदम असले तर पंचवीस. हे मला बाजारात पक्कं ठाऊक होतं. वही समोर आली की मात्र मी विसरायची. बाजारात कुणी मला चोवीस पैसे देऊन चार आणे म्हटलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

हसून झाल्यावर तुम्ही जे बोललात ते मी नंतर कितीदा तरी मनात घोळवलंय. म्हणालात, "तुझी रीत चुकीची नाही. पण पेपरात समीकरण मांडा म्हणतात, तुझ्या रीतीला मार्क नाहीत. आणि दुसरं असं, तुझ्या रीतीत आधी खोटं धरायचं आणि मग दुरुस्त करत बसायचं. माझ्या रीतीत खोटं काही धरायचं नाही. जे माहीत नाही त्याला नुसतं नाव द्यायचं, आणि ते माहीत असल्यासारखं त्याच्याशी नीट वागायचं."

मी वहीत खाली मान घातली. आईनं मला तुमच्याबाबत पहिली रीत शिकवली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? की तुम्ही नुसतं गणिताबद्दलच बोलत होतात? हे मी कधी विचारलं नाही. आता विचारतेय, बघा किती सोयीची वेळ धरली!

पण नीट वागायचं म्हणून क्षशी वागता येईना. क्ष दिसला की माझी बोबडी वळायची. "जे माहीतच नाही ते तिसातून वजा कसं करू?" मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "आणि क्षच का? ज्ञ का नाही?"

"ज्ञ घे. देवळ्याला तू ठकी होतीस, इथं वसुधा झालीस, म्हणून बाई बदलली का? काहीही घे."

"मला कशानंच कळत नाही, वन्सं. राहू द्या. मी होते मदतनीस."

तुम्ही जुडी बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "तू माझ्या भावाला काय म्हणतेस?"

"काय म्हणजे? 'हे'."

"नाव का घेत नाहीस?"

"इश्श! काहीतरीच काय!"

"बरं. 'हे आले', 'हे जेवले', 'ह्यांचा डबा भरायचाय'. नाव न घेता इतकी वर्षं संसार चाललाय ना? कधी डबा चुकून शेजारच्यांकडे गेला?"

"नाही."

"मग क्ष म्हणजे 'हे'. नाव घ्यायचं नाही, पण कुणाबद्दल बोलतोय ते पक्कं ठाऊक. तीस नाण्यांतून दहाची होती तेवढी बाजूला काढली. किती, ते विचारू नकोस. 'हे' म्हण. उरली ती तीस वजा 'हे', ती चार आण्यांची. कळलं?"

डोक्यात लख्ख उजेड पडला, वन्सं. आमच्याकडे विहिरीत खडक फोडताना एकदम पाणी लागायचं, तसं झालं.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी उखाणा. इतका वेळ नाव टाळलंस ना, शेवटच्या ओळीत घ्यायचं. 'हे' म्हणजे किती, आणि त्यांनी विचारलं होतं काय, ते नीट शब्दांत. पुष्कळ पोरी क्ष सापडला की उड्या मारत उठतात. नाव न घेता उठायचं नाही."

मी ते गणित एका दमात सोडवलं. दहाची वीस, चार आण्यांची दहा. तुम्ही वही बघितलीत आणि माझ्या देवळ्याच्या तोऱ्यात म्हणालात, "बरोबर शे!" तेव्हापासून आपल्या घरात बरोबर उत्तराला दुसरा शब्द राहिला नाही.

आता एक सांगते, जे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. 'हे आले', 'हे जेवले' म्हणताना तुमचा आवाज नेहमीचा नव्हता. वर्गातल्या बाईंचा तर नव्हताच. नुकतं लग्न झालेल्या मुलीचा होता. मी गाढवीण क्षच्या आनंदात वहीत डोकं घालून बसले होते. पुढं कितीतरी वर्षांनी, बालवाडीतल्या एका पोराला शर्टाची गुंडी लावताना, तो आवाज अचानक कानात आला आणि माझे हात थांबले. तुमच्याकडेही थोडे महिने एक 'हे' होते. तुम्हाला तो शब्द वापरायला मिळाला तेवढाच. त्यांचं नाव मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. घरात कुणीच घेत नसे. आणि माझं गणित अडलं तेव्हा तुम्ही इतकी वर्षं पेटीच्या तळाला ठेवलेला तो शब्द काढून माझ्या हातावर ठेवलात, जणू मेथीची काडी द्यावी तसा.

एकदा धीर करून मी म्हणाले होते, "वन्सं, तुमच्या ह्यांच्याबद्दल सांगा ना काही." तुम्ही म्हणालात, "या गणितात माहिती अपुरी आहे." आणि पुढच्या वह्या तपासायला घेतल्यात. मी पुन्हा विचारलं नाही.

आणि ती परीक्षा! गणिताच्या पेपरावरून घरी आले तेव्हा तुम्ही दारातच उभ्या होतात. माझी जूनची नोकरी असली तरी घाम तुम्हाला फुटला होता.

"नाण्यांचं आलं का?"

"आलं. चाळीस नाणी, दहाची नि पंचवीसची. सहा रुपये चाळीस पैसे. पंचवीसची किती?" आणे नव्हते, पैसेच लिहिले होते, म्हणून वाचले.

"काय मांडलंस?"

"समजा दहा पैशांची नाणी 'हे' आहेत."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "तोंडी म्हणालीस ना?"

"नाही. लिहिलं. दहा गुणिले हे, अधिक पंचवीस गुणिले कंसात चाळीस वजा हे. सगळीकडे 'हे'च. म्हणून, हे बरोबर चोवीस."

"अगं भवाने! बोर्डाच्या पेपरात?"

"तुम्हीच तर म्हणालात, काहीही घे!"

तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात. हसताय की रडताय ते कळेना. मग एकदम सरळ झालात. "आणि उत्तर? चोवीसवर उठलीस?"

"उठणारच होते. पण उखाणा आठवला. खाली लिहिलं, पंचवीस पैशांची नाणी सोळा."

तुम्ही बोटांवर ताळा करून पाहिलात. "बरोबर शे," म्हणालात, पण स्वर चिंतेचा. "पेपर तपासणारी बाई असली तर मार्क मिळतील. बाप्या असला तर गेले."

निकाल लागेपर्यंत तुम्ही देवाला काय काय बोललात ते देव जाणे. गणिताच्या बाईंनी देवापुढं हात जोडलेले मी तेवढेच पाहिले. मी काठावर पास झाले. इतकी काठावर, की ते एक गणित नसतं तर खालीच होते. जूनमध्ये बालवाडीच्या दारात मी उभी राहिले ती शिक्षिका म्हणून. तुम्ही शाळेत जाताना वाट वाकडी करून तिथनं गेलात. आत आला नाहीत. छत्री जरा वर केलीत, एवढंच.

तपासणारी बाई होती की बाप्या, यावर आपण पुढची दहा-बारा वर्षं भांडलो. तुम्ही म्हणायच्या, बाईच. मी म्हणायची, बाप्याच असणार, घरी कुणी 'हे' म्हणणारी असेल. आणि दुसरं आपलं कायमचं भांडण, माझा तो जुना प्रश्न. ज्याला एकूण रक्कम ठाऊक आहे त्यानं मोजलीच असणार, मग कुठली किती हे त्याला कसं ठाऊक नाही? तुम्ही दरवेळी नवं उत्तर आणायच्या. कधी म्हणायच्या पेटीला कुलूप आहे, कधी म्हणायच्या गणितातली माणसं खुळीच असतात, म्हणून तर गणितं असतात. मला एकही पटलं नाही. या शेवटच्या आजारपणात तुम्हाला जरा हसवावं म्हणून मी उशाशी बसून पुन्हा तेच काढलं.

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "असं धर की मोजणारा वारला. चिठ्ठीवर नुसती बेरीज लिहून गेला."

"मग पेटी फोडा!" मी म्हणाले.

तुम्हाला हसताना ठसका लागला. मी पाणी पाजलं. आपलं शेवटचं भांडण ते. आणि वन्सं, मानलं तुम्हाला. हे उत्तर पटलं. बेरीज माझ्याजवळ आहे, माझं लग्न झाल्यापासून आजवरची सगळी. त्यात तुम्हाला सुखाचे दिवस किती, नुसतेच काढलेले किती, माझ्यावर हसलात ते किती आणि माझ्यामुळं गप्प राहिलात ते किती, ते मोजणारी गेली. पेटी फोडता येत नाही.

परवा मालेगावहून तुमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. आता तीही गणित शिकवते. चहाचा कप हातात धरून एकदम म्हणाली, "काकू, त्या 'हे'वाल्या बाई तुम्हीच का?"

मी विचारलं, "कोण 'हे'वाल्या?"

"बाई दर वर्षी वर्गात सांगायच्या. क्षला घाबरू नका पोरींनो, आमच्या घरी एक बाई आहे, तिनं बोर्डाच्या पेपरात क्षच्या जागी 'हे' लिहिलं आणि पास झाली. आम्ही हसायला लागलो की दटावायच्या. म्हणायच्या, हसू नका, माझ्या विद्यार्थिनींत तीच सगळ्यांत हुशार."

मला तोंडावर कधी म्हणाला नाहीत! 'बरोबर शे'च्या पुढं तुमची जीभ गेली नाही. आणि वर्गात दर वर्षी पन्नास पोरींना! मी त्या मुलीसमोरच डोळ्याला पदर लावला आणि मग तिला दुसरा कप चहा करून दिला, साखर जास्त घालून.

ती गेल्यावर मी देव्हाऱ्यापुढं बसले आणि तोंडातल्या तोंडात तुमचं नाव घेऊन बघितलं. आला नाही आवाज. जन्मभराची सवय. ह्यांचं नाव निदान लग्नाकार्यात, हळदीकुंकवात उखाण्यात तरी घेतलं. तुमचं कुठं घेणार? नणंदेचा उखाणा कुणी घेतो का? आत्या, अक्का, बाई, वन्सं. घरभर नाती, शाळाभर मान, आणि नाव तेवढं गुरुजींनी विचारेपर्यंत कुणाच्या तोंडी नाही. तुम्ही स्वतःच आमच्या सगळ्यांच्या क्ष होऊन राहिलात आणि आम्ही तुमच्यावर घर चालवलं. डबा कधी चुकीच्या दारी गेला नाही, हे खरं. पण नाव न घेता उठायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत.

म्हणून हा घ्या उखाणा. यमक तुमच्या शाळेत चालणार नाही, देवळ्याला चालेल.

अर्धं-पाऊण नाणं आलं की कपाळाला आठी पडती,
पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसती, मालती.

बरोबर शे का, वन्सं?